पाच वर्षं, खटल्याविना: घानाच्या स्थानबद्धता कायद्याचं प्रकरण

मुक्तिलढ्याचा नेता हुकूमशहा का झाला, असं विचारलं की उत्तर बहुतेक वेळा त्याच्या स्वभावात शोधलं जातं. अहंकार, सत्तेची चटक, भोवतीचे भाट. घानाच्या स्वातंत्र्याचे नेते आणि पहिले सत्ताधीश क्वामे एन्क्रुमा यांच्या बाबतीत हे तिन्ही होतं. पण घानाचा 1957 ते 1966 हा काळ जवळून पाहिला, तर स्वभावापेक्षा एका कायद्याचा प्रवास जास्त काही सांगतो. म्हणून हे टिपण 1958 च्या प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याभोवती बेतलं आहे. नावं आहेत ती सार्वजनिक जीवनातल्या माणसांची. साध्या कार्यकर्त्यांची नावं मुद्दाम गाळली आहेत.

पार्श्वभूमी

पश्चिम आफ्रिकेतला घाना स्वातंत्र्यापूर्वी गोल्ड कोस्ट नावाची ब्रिटिश वसाहत होती. 1947 च्या ऑगस्टमध्ये सॉल्टपाँड या किनाऱ्यावरच्या गावी वकील-व्यापारी मंडळींनी 'युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन' हा पक्ष काढला. त्यातलं मोठं नाव म्हणजे जे. बी. डांक्वा. लंडनमधून शिकून आलेले बॅरिस्टर, राजघराण्याशी नातं, विद्वान माणूस. देशाला 'घाना' हे जुन्या साम्राज्याचं नाव द्यावं, या आग्रहामागेही तेच. या मंडळींना राजकारण करायचं होतं, पण आपापली वकिली सांभाळून. पूर्णवेळ सरचिटणीस हवा होता. एको अजेई या तरुण वकिलाने आपल्या अमेरिकेतल्या कॉलेजच्या ओळखीवर एक नाव सुचवलं: क्वामे एन्क्रुमा, मुक्काम लंडन. डिसेंबर 1947 मध्ये एन्क्रुमा परतले. डांक्वा आणि अजेई ही दोन नावं लक्षात ठेवावीत, ती पुढे पुन्हा येणार आहेत.

फेब्रुवारी 1948 मध्ये अक्रा शहरात माजी सैनिकांच्या मोर्च्यावर गोळीबार झाला, तिघे ठार झाले, शहर पेटलं. सरकारने पक्षाच्या सहा नेत्यांना उचललं. त्यांत डांक्वा, अजेई आणि एन्क्रुमा तिघेही होते. पुढच्याच वर्षी फाटाफूट झाली. जुन्यांचं म्हणणं 'शक्य तितक्या लवकर स्वराज्य', एन्क्रुमांचं 'आत्ताच स्वराज्य'. आपल्या जहाल-मवाळ वादाची आठवण यावी असंच हे भांडण होतं. जून 1949 मध्ये एन्क्रुमांनी 'कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी' काढली आणि बाजारातल्या व्यापारी बायका, शाळा अर्धवट सुटलेली पोरं, रेल्वे कामगार त्यांच्याकडे धावले. विरोधक या पोरांना 'व्हरांडा बॉइज' म्हणून हिणवायचे, म्हणजे घर नसल्याने दुसऱ्याच्या व्हरांड्यात झोपणारे. पक्षाने तीच पदवी म्हणून मिरवली.

1950 च्या जानेवारीत गांधीजींच्या मार्गाने असहकाराची चळवळ झाली, एन्क्रुमा जेम्स फोर्ट तुरुंगात गेले. 1951 ची निवडणूक त्यांनी तुरुंगातूनच जिंकली. बाहेर प्रचाराची सगळी धुरा कोमला बेडेमा यांनी वाहिली. 6 मार्च 1957 च्या मध्यरात्री स्वातंत्र्याची घोषणा करताना एन्क्रुमा आणि त्यांचे सहकारी टोपी घालून उभे होते. टोपीवर अक्षरं होती 'पी. जी.', म्हणजे 'प्रिझन ग्रॅज्युएट'. तुरुंगातून पदवी घेतलेले.

या टोपीला सव्वा वर्ष होतंय न होतंय तोच खटल्याशिवाय तुरुंगात टाकण्याचा कायदा आला.

प्रश्न काय होता

इथे एन्क्रुमांवर अन्याय करणं सोपं आहे, म्हणून थोडं थांबायला हवं. धोका काल्पनिक नव्हता.

1954 च्या ऑगस्टमध्ये सरकारने कोकोचा खरेदी भाव 60 पौंडांच्या बोजाला 72 शिलिंगवर गोठवला. जागतिक बाजारात भाव त्याहून कितीतरी चढा होता. मधला पैसा विकासकामांना वापरायचा, असा हिशेब होता. कोको पिकवणाऱ्या आशांती प्रदेशात भडका उडाला. महिन्याभरात कुमासी शहरात 'नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट' उभी राहिली. मागणी संघराज्याची, पाठिंबा पारंपरिक राजांचा. दोन्ही बाजूंनी गुंडांच्या टोळ्या, घरं जाळणं, चाकूहल्ले, स्फोट सुरू झाले. एन्क्रुमांच्या अक्रातल्या घरावर 1955 मध्ये बाँब टाकला गेला. स्वातंत्र्याच्या वर्षीच पूर्वेकडे टोगोच्या सीमेलगत दंगली झाल्या, सैन्य पाठवावं लागलं. आणि खुद्द राजधानीत, एन्क्रुमांच्या मतदारसंघात, स्थानिक गा समाजाची 'गा शिफिमो क्पे' ही संघटना सरकारविरुद्ध उभी राहिली.

नव्या देशाचे तुकडे होतील ही भीती 1957 मध्ये हास्यास्पद नव्हती. आपल्या फाळणीला तेव्हा दहाच वर्षं झाली होती आणि अक्रातले लोक ती विसरले नव्हते.

दुसरी बाजूही तितकीच खरी. 1956 च्या निवडणुकीत एन्क्रुमांच्या पक्षाला 104 पैकी 71 जागा मिळाल्या होत्या. जनमत त्यांच्याकडे होतं, ब्रिटिश ठशाची न्यायव्यवस्था चालू स्थितीत होती, खजिना भरलेला होता. घाईने दरवाजे बंद करावेत इतकं घर पेटलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय साधा: नेहमीचा फौजदारी कायदा. बाँब टाकणाऱ्याला पकडा, पुरावा द्या, शिक्षा करा. सरकारची तक्रार अशी की साक्षीदार पुढे येत नाहीत, आले तर टिकत नाहीत. तक्रारीत तथ्य होतं. त्यावर उपाय पोलीस सुधारण्याचा होता, तो वेळखाऊ होता.

दुसरा, दंगलग्रस्त भागापुरती आणि मुदतीची आणीबाणी.

तिसरा राजकीय. स्वातंत्र्याच्या घटनेत प्रादेशिक विधानसभांची तरतूद होती. त्यांना थोडे खरे अधिकार देऊन आशांतीचा राग सभागृहात आणता आला असता. एन्क्रुमांना संघराज्याचा वास येईल अशी कुठलीही गोष्ट नको होती. त्या विधानसभा आधी निष्प्रभ करण्यात आल्या, मग गुंडाळण्यात आल्या.

चौथा पर्याय प्रतिबंधक स्थानबद्धतेचा. इथे भारत थेट चित्रात येतो, कारण सरकारने विरोधकांना गप्प करायला आपलंच उदाहरण दिलं: नेहरूंच्या भारतात असा कायदा आहे, मग आम्हालाच बोल का? मुद्दा बिनतोड वाटतो. भारताने फेब्रुवारी 1950 मध्ये, घटना लागू झाल्यावर महिनाभरातच, सरदार पटेलांनी मांडलेलं विधेयक एका दिवसात मंजूर केलं होतं.

पण नक्कल करताना काय घेतलं आणि काय सोडलं, ते पाहण्यासारखं आहे. भारताच्या घटनेतल्या 22 व्या कलमानुसार तीन महिन्यांपुढे कोणाला डांबायचं तर न्यायाधीशाच्या दर्जाच्या माणसांचं सल्लागार मंडळ हवं, त्यासमोर प्रकरण जायला हवं. हे मंडळ पुष्कळदा नावापुरतं ठरलं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. तरी फाइल सरकारबाहेरच्या कोणाच्या तरी टेबलावर जायची. घानाच्या जुलै 1958 च्या कायद्यात असं मंडळच नव्हतं. देशाचं संरक्षण, परराष्ट्र संबंध किंवा राज्याची सुरक्षितता यांना बाधा येऊ नये म्हणून कोणाही नागरिकाला पाच वर्षांपर्यंत डांबता येईल. पाच दिवसांत कारणं कळवायची. हरकत असेल तर लेखी अर्ज करायचा, तोही डांबणाऱ्या सरकारकडेच.

भारताचा कायदा घेतला आणि त्याची कडी तेवढी काढून टाकली. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महागात पडलेला निर्णय हाच. त्या वेळी तो निर्णय वाटलाही नसेल, मसुद्यातली एक सोय वाटली असेल.

काय केलं गेलं

विरोधी बाकांवरून कायद्याला कडाडून विरोध झाला. बहुमतापुढे तो टिकला नाही. नोव्हेंबर 1958 मध्ये अक्रातल्या गा संघटनेच्या माणसांवर पहिला हात पडला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच अक्रामध्ये अखिल आफ्रिकी लोकपरिषद भरली होती, पारतंत्र्यातल्या देशांचे तरुण नेते स्वातंत्र्याच्या गोष्टी ऐकायला आले होते. पाहुणे गेले आणि आठवड्याभरात आर. आर. अम्पोन्सा आणि मोडेस्टो अपालू या दोन विरोधी खासदारांना डांबलं गेलं. आरोप असा की एन्क्रुमा 20 डिसेंबरला भारतभेटीला निघतील तेव्हा विमानतळावरच त्यांना मारण्याचा कट होता. चौकशी आयोग नेमला गेला. दोघांनी काहीतरी कारस्थान केलं होतं यावर सदस्यांचं एकमत झालं, पण ते शेवटपर्यंत चालू होतं का यावर मतभेद झाले. इतकं हाती असताना खटला भरायला हरकत काय होती? भरला नाही. स्थानबद्धतेत पुरावा पारखावा लागत नाही, हे सरकारच्या अंगवळणी इथे पडलं.

1960 मध्ये घाना प्रजासत्ताक झाला. अध्यक्षपदासाठी एन्क्रुमांसमोर उभे राहिले ते डांक्वा. 10 लाखांहून जास्त मतं एन्क्रुमांना, सव्वा लाखाच्या आसपास डांक्वांना. नव्या घटनेच्या 13 व्या कलमानुसार अध्यक्षाने पदग्रहण करताना जाहीर करायचं होतं की सार्वजनिक सुव्यवस्थेच्या मर्यादेत राहून कोणाचंही भाषणस्वातंत्र्य, संचारस्वातंत्र्य किंवा न्यायालयात जाण्याचा हक्क हिरावला जाणार नाही. एन्क्रुमांनी ते जाहीर केलं.

डांक्वांनी हेच कलम हाती धरलं. आशांती राजाचे ज्येष्ठ भाषक, म्हणजे राजाच्या वतीने बोलणारे, बाफुर अकोटो आणि इतर सात जण स्थानबद्ध होते. त्यांच्या वतीने डांक्वा सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. अध्यक्षाने हे वचन दिलंय, मग स्थानबद्धता कायदा घटनेशी विसंगत आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. ऑगस्ट 1961 मध्ये मुख्य न्यायाधीश आर्कू कोर्सा यांच्या पीठाने तो फेटाळला. हे कलम राणीच्या राज्याभिषेकाच्या शपथेसारखं आहे, नैतिक बंधन घालतं, कायदेशीर हक्क देत नाही. न पटल्यास जनतेने मतपेटीतून उत्तर द्यावं. आणि स्थानबद्धता खरंच गरजेची होती का, हे तपासणं न्यायालयाचं काम नाही.

हे वाचताना मराठी वाचकाला 1976 चा जबलपूर खटला आठवणारच. आणीबाणीत मिसाखाली डांबलेल्यांना न्यायालयात दाद मागता येणार नाही, असं चार न्यायमूर्तींनी ठरवलं, त्यांत आपल्या पुण्याचे य. वि. चंद्रचूडही होते. एकटे न्या. खन्ना विरोधात गेले. अकोटो प्रकरणात विरोधी सूर लावणारा खन्नाही कोणी निघाला नाही.

कायद्याला न्यायालयाचा शिक्का मिळाला आणि पुढचे दोन महिने फार वेगाने गेले. अंदाजपत्रकातल्या सक्तीच्या बचतीविरुद्ध सप्टेंबर 1961 मध्ये सेकोंडी-ताकोराडीच्या रेल्वे आणि बंदर कामगारांनी संप केला. हे कामगार म्हणजे एन्क्रुमांच्या 1950 च्या चळवळीचा कणा. संप मोडल्यावर, ऑक्टोबरच्या सुरुवातीला, स्थानबद्ध झाले त्यांत खुद्द डांक्वा होते. ज्या कायद्याविरुद्ध पाच आठवड्यांपूर्वी वकिली केली, त्याच कायद्याखाली. याच सुमारास बेडेमांना सरकारमधून काढलं गेलं आणि ते देश सोडून निघून गेले. तुरुंगातल्या एन्क्रुमांना निवडून आणणारा माणूस एन्क्रुमांच्या तुरुंगाच्या भीतीने परदेशी गेला.

1 ऑगस्ट 1962. उत्तर सीमेवरच्या कुलुंगुगू गावी एन्क्रुमांवर ग्रेनेड फेकला गेला, ते जखमी झाले. यानंतर संशयाची दिशा बदलली. विरोधक आत किंवा देशाबाहेर होते. आता पाळी आली घरच्यांची. माहितीमंत्री तविया अडामाफियो, पक्षाचे कार्यकारी सचिव कोफी-क्रॅब आणि परराष्ट्रमंत्री एको अजेई अटकेत गेले. एन्क्रुमांचं नाव सुचवणारे तेच अजेई.

सरकारने या वेळी मात्र खटला चालवला, खास न्यायालयात. 9 डिसेंबर 1963 रोजी कोर्सांच्या पीठाने तिघांना निर्दोष सोडलं. दोन दिवसांत कोर्सा मुख्य न्यायाधीशपदावरून दूर झाले. यासाठी घटना मोडावी लागली नाही. मुख्य न्यायाधीशाची नेमणूक अध्यक्षाने मागे घ्यावी, ही सोय 1960 च्या घटनेतच होती. महिना संपायच्या आत संसदेने निकाल रद्द करण्याचा अधिकार अध्यक्षाला दिला आणि त्यांनी तो वापरलाही. पुन्हा खटला चालला तेव्हा ज्यूरी आली एन्क्रुमांच्याच नावाच्या पक्षप्रशिक्षण संस्थेतून. फाशी झाली, मग ती वीस वर्षांच्या कैदेवर आणली गेली.

त्याच 1963 च्या अखेरीस एक छोटी दुरुस्तीही झाली. 1958 मध्ये डांबलेल्यांची पाच वर्षं भरत आली होती. कायद्यानुसार सुटका व्हायला हवी होती. दुरुस्तीने आणखी पाच वर्षं वाढवता येतील अशी सोय केली. अम्पोन्सा आणि अपालू आतच राहिले.

परिणाम

जानेवारी 1964 मध्ये एका पोलीस शिपायाने अध्यक्षांच्या निवासस्थानी एन्क्रुमांवर गोळ्या झाडल्या. ते बचावले, त्यांचा अंगरक्षक गेला. मधल्या काळात सुटलेले डांक्वा काही दिवसांत पुन्हा आत. महिनाअखेरीस सार्वमत: देशात एकच पक्ष असावा का, आणि अध्यक्षाला वरिष्ठ न्यायाधीशांना काढता यावं का? अधिकृत आकड्यांनुसार 27 लाखांहून जास्त लोकांनी होकार दिला, नकार देणारे अडीच हजारही नव्हते. आकडा इतका गुळगुळीत की तो छापणाऱ्यांनाही संकोच वाटावा. जून 1965 च्या निवडणुकीत तेवढाही खटाटोप उरला नाही. मतदान न होताच पक्षाचे 198 उमेदवार निवडून आल्याचं जाहीर झालं.

डांक्वांना न्सावामच्या तुरुंगात, मृत्युदंडाच्या कैद्यांच्या विभागात ठेवलं होतं. वय सत्तरीकडे झुकलेलं, दमा, रक्तदाब. तिथून त्यांनी एन्क्रुमांना पत्रं लिहिली. तुम्हाला लंडनहून बोलावून घेणाऱ्यांपैकी मी एक, हे वेगळं सांगायची गरज दोघांनाही नसावी. 4 फेब्रुवारी 1965 रोजी कोठडीतच हृदयविकाराने ते गेले. त्यांच्यावर खटला कधीच चालला नाही.

एन्क्रुमांनी काही उभंच केलं नाही असं म्हणणं खोटेपणाचं होईल. मोफत प्राथमिक शिक्षण, तेमाचं बंदर, आफ्रिकेतल्या इतर मुक्तिलढ्यांना आसरा, व्होल्टा नदीवरचं अकोसोंबो धरण. धरणाच्या वीजप्रकल्पाचं उद्घाटन 22 जानेवारी 1966 ला झालं. 24 फेब्रुवारीला, ते हनोईला जाताना पेकिंगमध्ये उतरले असताना, लष्कर आणि पोलिसांनी सत्ता घेतली. लोकांनी अक्रातला त्यांचा पुतळा पाडला. मायदेशी ते जिवंत परतले नाहीत. गिनीत आसरा मिळाला, 1972 मध्ये बुखारेस्टच्या रुग्णालयात मृत्यू आला.

उठावानंतर शेकडो स्थानबद्ध सुटले, अम्पोन्सा आणि अजेई त्यांत होते. रिकाम्या कोठड्या फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. नव्या लष्करी मंडळाने 'संरक्षक ताब्या'चा हुकूम काढून एन्क्रुमांच्या पक्षाच्या लोकांना खटल्याविना आत घातलं. त्यांत जेफ्री बिंग होते. ब्रिटिश मजूर पक्षाचे हे माजी खासदार 1958 मध्ये घानाचे अॅटर्नी जनरल होते.

वेगळं काय करता आलं असतं

1958 मध्ये कायदा करूच नये, हा सल्ला आज देणं सोपं आहे. बाँब पडलेल्या घरात बसून तो पटला नसता, असं मला वाटतं. त्या क्षणी जमण्यासारखी गोष्ट लहान होती: सल्लागार मंडळ ठेवायचं आणि पाच वर्षांऐवजी काही महिन्यांची मुदत घालायची. भारताचा नमुना समोरच होता. मंडळ असतं तर डांक्वांसारख्यांची फाइल दर काही महिन्यांनी कोणीतरी उघडली असती. निकाल बदलला असताच असं नाही, पण 'कारण काय' हे पुन्हा लिहून द्यावं लागलं असतं. दम्याच्या रोग्याला वर्षभर आत ठेवण्याचं कारण दर वेळी नव्याने लिहिणं अवघड असतं.

दुसरी जागा डिसेंबर 1958 ची. अम्पोन्सा-अपालू प्रकरणात सरकारकडे निदान काही पुरावा होता. खटला भरून तो हरण्याची तयारी दाखवली असती, तर पोलीस आणि सरकारी वकील पुरावा गोळा करायला शिकले असते. ती सवय लागलीच नाही आणि पाच वर्षांनी कुलुंगुगूचा खटला खरंच चालवायची वेळ आली तेव्हा सरकार हरलं.

न्यायालयाचं काय? कोर्सांनी 1963 मध्ये जे धैर्य दाखवलं त्याबद्दल त्यांचं कौतुक होतं, आणि ते योग्यच आहे. पण 1961 मध्ये त्यांच्यापाशी त्याहून सोपी संधी होती. तेव्हा विरोधक शिल्लक होते, संसदेत बेडेमांसारखे आवाज होते, संघटित कामगार होते, वृत्तपत्रं पुरती दबलेली नव्हती. त्यांनी 13 व्या कलमाला थोडंसं जरी वजन दिलं असतं, तरी सरकारला उघडपणे घटना बदलावी लागली असती. त्यांनी लोकांना मतपेटीकडे बोट दाखवलं. त्यानंतर एन्क्रुमांच्या काळात खरी मतपेटी आलीच नाही.

सहकाऱ्यांचा वाटाही कमी नाही. 1958 मध्ये कायद्याला हात वर करणाऱ्यांत अजेईही होते, कारण तो 'त्यांच्यासाठी' होता. बेडेमांनी तोंड उघडलं ते स्वतःवर बेतल्यावर. मंत्रिमंडळातल्या दोघा-तिघांनी 1958 मध्ये मंडळाची अट घातली असती, तर एन्क्रुमांना ती मोडणं जड गेलं असतं. तेव्हा त्यांना या माणसांची गरज होती.

घानाने पुढे आणखी उठाव पाहिले. आज लागू असलेल्या 1992 च्या घटनेच्या तिसऱ्या कलमात एकपक्षीय राज्य आणणारा कायदा करण्याची मनाई संसदेलाच केली आहे. आणि 32 व्या कलमानुसार आणीबाणीत डांबलेल्या माणसाचं प्रकरण दहा दिवसांच्या आत वरिष्ठ न्यायालयांच्या किमान तीन न्यायाधीशांपुढे जातं, त्यानंतर दर तीन महिन्यांच्या आत पुन्हा. 1958 च्या मसुद्यातून वगळलेलं मंडळ आज घटनेतच आहे.